काळजीवाहू साहेबांस

प्रति,
रिलेशनशिप मॅनेजर साहेब,
गृहकर्ज विभाग, एक नामवंत बँक, पुणे

स.न.वि.वि.

पत्राला उशीर झाला, क्षमस्व. मध्यंतरी नोकरी गेल्यामुळे वेळच मिळाला नाही. नोकरी गेलेल्या माणसाला केवढी कामं असतात, हे नोकरीत असताना कळत नाही. सकाळी उठून लिंक्डइनवर हसरा चेहरा लावायचा. साताऱ्याहून आईचा फोन आला की ‘घरूनच काम चालू आहे’ म्हणायचं. लिफ्टमध्ये शेजाऱ्याने ‘आज सुट्टी वाटतं?’ असं विचारायच्या आत मोबाइल कानाला लावायचा. आणि दर महिन्याच्या पाच तारखेआधी खात्यात ४४ हजार ६९३ रुपये आहेत ना, ते दिवसातून चार वेळा बघायचं. या शेवटच्या कामाबद्दल मात्र तुम्ही मला तीन वर्षांपूर्वीच निर्धास्त राहायला सांगितलं होतं. हे पत्र त्याच निर्धास्तपणाच्या संदर्भात आहे.

आधी एक खुलासा. माझा एक शाळासोबती वकील आहे. या पत्राचा कच्चा मसुदा त्याला दाखवला, तर त्याने लाल पेनाने जागोजागी एकच शब्द घुसडला, ‘कदाचित’. “फसवलं असं लिहू नकोस,” तो म्हणाला, “कदाचित चुकीच्या पद्धतीने विकला गेला असावा, असं लिही.” तेव्हा या पत्रात जिथे जिथे ‘कदाचित’ दिसेल तिथे तो शब्द वकिलाचा समजावा. बाकीचे माझे.

आठवतं ना साहेब? जानेवारी २०२३. पुनावळ्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट, पन्नास लाखांचं कर्ज, वीस वर्षांची मुदत, साडेआठ टक्के व्याज. सँक्शन लेटर घरी आलं तेव्हा आईने त्याला हळदकुंकू लावलं होतं. पहिल्या पानावर व्याजदराच्या शेजारी तो कुंकवाचा डाग अजून आहे. बिल्डरचं डिमांड लेटरही येऊन पडलं होतं आणि मुदतीत पैसे पोचले नाहीत तर त्यावर व्याज लागणार होतं. फाइल तुमच्या टेबलावर. बायको रजा टाकून आलेली. मुलगा तुमच्या पाहुण्यांच्या खुर्चीवर गोल फिरत होता. माणूस ‘हो’ म्हणायला याहून योग्य मुहूर्त पंचांगातही सापडायचा नाही.

त्या मुहूर्तावर तुम्ही ड्रॉवरमधून ते चकचकीत पत्रक काढलंत. छापील आई-बाबा, छापील मुलगी, मागे छापील घर आणि वर छत्री. तुम्ही म्हणालात, “सर, आयटीतली नोकरी. उद्याचं कुणी पाहिलंय? नोकरी गेली तरी ईएमआयचं टेन्शन नाही. कंपनी भरणार.”

मी विचारलं, “किती महिने भरणार?”

तुम्ही म्हणालात, “सर, तशी वेळच येऊ नये.”

प्रश्नाला आशीर्वादाने उत्तर देणारी माणसं मी आजवर कीर्तनात पाहिली होती. बँकेत प्रथमच पाहिली. समोरचा आपलं भलं चिंतत असताना त्याला परत ‘पण किती महिने?’ असं विचारणं आमच्या साताऱ्याकडे असभ्यपणाचं मानतात. मी गप्प बसलो.

बायको माझ्याहून व्यवहारी. तिने विचारलं, “हे कंपल्सरी आहे का?”

तुमचं उत्तर मी जपून ठेवलंय. तुम्ही म्हणालात, “कंपल्सरी नाही मॅडम. पण त्याशिवाय फाइल पुढे जात नाही.”

काय वाक्य आहे साहेब! पहिल्या अर्ध्यात रिझर्व्ह बँकेचा नियम, दुसऱ्या अर्ध्यात तुमच्या शाखेचा रिवाज आणि मध्ये फक्त एक ‘पण’. नियम असा की, बँकेमार्फत विमा घ्यायचा की नाही हे सर्वस्वी ग्राहकाच्या इच्छेवर असावं आणि बँकेच्या सेवेची गाठ विम्याशी मारू नये. तुम्ही तो नियम मोडला असं मी म्हणत नाही. तुम्ही तो आधी मोठ्याने म्हणून दाखवलात आणि मग बाजूला ठेवलात. कदाचित.

मग सह्या झाल्या. तुम्ही पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या. “इथे, इथे आणि इथे.” कर्जाच्या कागदांत विम्याचा प्रस्ताव कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे मला कळलं नाही, कारण तो भाग कोराच होता. तब्येतीची माहिती, आधीचे विमे, नोकरीचं स्वरूप हे सगळं नंतर तुमच्या सवडीने भरलं गेलं. मी मराठीत सही करतो. म्हणून फॉर्मच्या खाली एक जादा चौकट होती, ‘ग्राहकाला सर्व मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगितला आहे.’ खाली साक्षीदाराची सही लागत होती. ती लॉकरचं काम बघणाऱ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी केली, फोन खांद्यात धरून आणि माझ्याकडे न बघता. मला माझ्या भाषेत नेमकं काय समजावलं गेलं, हे त्या बाईंना तरी सांगितलं होतंत का?

दोन दिवसांनी पडताळणीचा फोन येणार होता. त्याची तालीमही तुम्हीच घेतलीत. “सर, ते काहीही विचारतील. तुम्ही फक्त येस म्हणायचं. नो म्हटलं की प्रोसेस पहिल्यापासून.” मी ‘येस’ म्हणालो. सात वेळा. लग्नात सप्तपदीच्या वेळीही भटजींनी अर्थ सांगितला होता. इथे तेवढंही झालं नाही.

पॉलिसी ईमेलवर आली. पासवर्ड असलेली, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख टाकून उघडायची, बारीक टायपातली, इंग्रजी. पॉलिसी हातात आल्यावर ती वाचून, पटली नाही तर परत करायला ठरावीक दिवस मिळतात. त्याला फ्री लुक म्हणतात. त्या दिवसांत आम्ही कपाटाचं माप घेत होतो. ज्या तिमाहीत माणूस घर घेतो त्या तिमाहीत तो पासष्ट पानांची इंग्रजी फाइल वाचत नाही. हे त्या नियमाला माहीत नसेल, तुम्हाला माहीत होतं. कदाचित.

आता थोडं गणित करू. मला आता वेळ आहे.

विम्याचा हप्ता जीएसटीसकट दीड लाख रुपये. त्यातले जवळपास २३ हजार नुसता कर, कारण तेव्हा विम्यावर १८ टक्के जीएसटी होता. हे दीड लाख माझ्या खिशातून मागितले असते तर मी घाबरून उठलो असतो. तुम्ही ते मागितलेच नाहीत. “खिशातून काही द्यायचं नाही सर, लोनमध्येच अ‍ॅड करू.” कर्ज पन्नासचं साडेएकावन्न लाख झालं आणि महिन्याचा हप्ता ४३ हजार ३९१ वरून ४४ हजार ६९३ वर गेला. फरक १३०२ रुपये. “महिन्याला तेराशे म्हणजे काय सर, एका रविवारचं हॉटेल.” बरोबर आहे. पण ते हॉटेल वीस वर्षं चालतं. २४० महिने, १३०२ रुपये, म्हणजे ३ लाख १२ हजार. व्याजदर बदलेल तसा हा आकडा थोडा खालीवर होईल, पण दीड लाखाचा विमा मला दुप्पट भावात पडला यात बदल होणार नाही.

आणि या विम्याची मुदत किती? पाच वर्षं. कर्ज वीस वर्षांचं आणि छत्री पाच वर्षांची. उरलेली पंधरा वर्षं मी दर पाच तारखेला त्या मेलेल्या पॉलिसीचं श्राद्ध घालणार आहे. पिंड १३०२ रुपयांचा. कावळा मात्र पहिल्याच दिवशी शिवून गेला. कमिशन घेऊन.

तरीही मी म्हणालो असतो, जाऊ दे. संकटाच्या वेळी उपयोगी पडली म्हणजे झालं. आणि संकट आलंच की. तुमच्या आशीर्वादाला न जुमानता आलं.

गेल्या वर्षी एका मंगळवारी मला ‘तोरणा’मध्ये बोलावलं गेलं. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात मीटिंगच्या खोल्यांना किल्ल्यांची नावं आहेत. बढती ‘राजगड’वर मिळते, कडेलोट तोरण्यावर. एचआरच्या बाई अतिशय गोड बोलल्या. प्रोजेक्ट बंद, क्लायंट अमेरिकेचा, इलाज नाही. दोन रस्ते आहेत. काढल्याचं पत्र घ्या, मग पुढच्या कंपनीच्या चौकशीत ते निघणार. नाहीतर आजच राजीनामा द्या, दोन महिन्यांचा पगार घ्या, रेकॉर्ड स्वच्छ. पोर्टलवर राजीनाम्याचं पान उघडून ठेवलेलं होतं. कारणाच्या रकान्यात त्यांनीच निवडून ठेवलं होतं, ‘वैयक्तिक’. मी फक्त बटण दाबलं.

घरी येऊन पहिलं काम केलं ते म्हणजे तुमची ती फाइल उघडली. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. दावा दाखल केला. सहा आठवड्यांनी विमा कंपनीचं उत्तर आलं. त्याचा मराठी सारांश एवढाच : आपण नोकरी स्वेच्छेने सोडली असल्याने दावा मंजूर करता येत नाही. मी तक्रार केली की मला अटी सांगितल्याच नव्हत्या. त्यावर दुसरं उत्तर आलं : आपण सर्व अटी वाचून, समजून, स्वेच्छेने सही केलेली आहे.

साहेब, गेल्या तीन वर्षांत माझ्या आयुष्यात दोनच गोष्टी स्वेच्छेने झाल्या. एक, मी विमा घेतला. दोन, मी नोकरी सोडली. दोन्ही वेळा फॉर्म दुसऱ्याने भरलेला होता, दोन्ही वेळा फुली कुठे आहे ते दुसऱ्याने दाखवलं होतं आणि दोन्ही वेळा समोरच्याला माझी फार काळजी वाटत होती. स्वेच्छा एवढी माझीच होती, तर ती माझ्याशी एकदा तरी बोलली असती.

मग मी त्या फाइलीतलं ‘वगळलेल्या बाबी’ हे प्रकरण वाचलं. पहिल्यांदाच. राजीनामा दिला तर पैसे नाहीत. स्वेच्छानिवृत्ती घेतली तर नाहीत. प्रोबेशनवर असाल तर नाहीत. कंत्राटी असाल तर नाहीत. काम समाधानकारक नाही म्हणून काढलं तर नाहीत. गैरवर्तनासाठी काढलं तर अर्थातच नाहीत. स्वतःचा धंदा असेल तर प्रश्नच नाही. शिवाय सुरुवातीचे ठरावीक दिवस थांबायचं, त्यात नोकरी गेली तर नाहीत. म्हणजे कंपनीने लेटरहेडवर असं लिहून द्यायला हवं : ‘आपण उत्तम काम केलंत, आपला काडीचाही दोष नाही, आपण जाऊ नये अशीच आमची इच्छा आहे, तरी आम्ही आपल्याला काढून टाकत आहोत.’ असं पत्र देणारी कंपनी मुळात कुणाला काढते का?

आणि समजा, असं पत्र मिळालंच. तर किती महिने? माझ्या त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर एकेचाळिसाव्या पानावर सापडलं. तीन. तीन हप्ते म्हणजे १ लाख ३४ हजार रुपये. नोकरी गेली तर जास्तीत जास्त १ लाख ३४ हजार मिळणार, म्हणून मी दीड लाख भरले होते! एवढे पैसे उशीखाली ठेवले असते तरी १६ हजार वाचले असते, वर उशीने पासवर्ड मागितला नसता.

न्यायाने बोलायचं तर त्याच पॉलिसीत अपघाती मृत्यू आणि काही ठरावीक गंभीर आजारही येतात. सगळीच रद्दी होती असं मी म्हणणार नाही. पण माझ्याकडे कर्जाला पुरून उरेल असा साधा टर्म प्लॅन आधीपासून होता आणि कंपनीचा आरोग्य विमाही. ‘तुमच्याकडे आधी काय आहे?’ हा एक प्रश्न तुम्ही विचारला असता तर सगळा व्यवहार तिथेच संपला असता. कदाचित म्हणूनच विचारला नसेल. तुम्ही दाखवलीत ती छत्री नोकरीची आणि मला हवी होती तीही तीच. नेमक्या तिच्याच काड्या नव्हत्या.

या प्रकाराला इंग्रजीत मिस-सेलिंग म्हणतात. जणू विकताना हात जरा चुकला! आपल्या भाषेत त्याला जुना आणि नेमका शब्द आहे, माथी मारणे. त्यात मारणारा कोण, माथं कुणाचं, हे आपोआप कळतं.

तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून सांगतो, हा शोध तुमचा नाही. तो खऱ्या साहेबांच्या देशातला आहे. ब्रिटनमध्ये कर्ज, क्रेडिट कार्ड, घराचा हप्ता, अशा प्रत्येक गोष्टीबरोबर ‘पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स’ चिकटवला जायचा. आजारी पडलात, नोकरी गेली, तर विमा हप्ते भरेल, हेच आश्वासन. अशा कोट्यवधी पॉलिसी खपल्या. नोकरी गेल्याचा विमा निवृत्त लोकांना विकला. ज्यांचा स्वतःचा धंदा, त्यांनाही विकला. कित्येकांना आपण तो घेतलाय हेही ठाऊक नव्हतं. २००५ साली ‘सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस’ या संस्थेने रीतसर मोठी तक्रार केली. बँका कोर्टात गेल्या आणि २०११ मध्ये हरल्या. मग परतफेड सुरू झाली. तक्रारीची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९. ती लोकांच्या लक्षात राहावी म्हणून तिथल्या नियामकाने जाहिरातीत आर्नोल्ड श्वार्झनेगरचं यांत्रिक डोकं फिरवलं, टर्मिनेटर ओरडून सांगायचा की तक्रार करा! बँकांनी परत केलेली रक्कम ३८ अब्ज पौंडांच्या वर गेली. आपल्या रुपयांत चार लाख कोटींहून जास्त.

एवढी अद्दल घडलेली वस्तू आपल्याकडे मात्र घराच्या चावीबरोबर अजून दिली जाते. विलायतेत टाकून दिलेला कोट आपण इथे लग्नात घालायचा, ही रीत जुनीच आहे म्हणा.

आपल्याकडे कुणाला हे माहीत नाही असंही नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईतल्या एका बँकिंग परिषदेत खुद्द अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बँकांना बजावलं होतं की, विमा असा गळ्यात मारल्याने कर्ज घेणाऱ्याचाच खर्च वाढतो. माझा किती वाढला ते वर दिलंच आहे. सरकारी आधाराचं म्हणाल, तर ज्यांना ईएसआयचं (कर्मचारी राज्य विम्याचं) कवच आहे त्यांना बेकारीत काही काळ थोडा भत्ता मिळण्याची सोय आहे, पण तिथली पगाराची मर्यादा महिन्याला २१ हजारांची. आमच्यासारख्यांना ते दार बंद. म्हणजे पगारदार मध्यमवर्गाला नोकरी गेल्यावर आधार हवा आहे, ही गरज खरी आहे साहेब. तुम्ही खोटी गरज निर्माण केली नाहीत. खऱ्या भीतीवर खोटं औषध दिलंत.

मी भांडायला शाखेत आलो होतो. तुमची बदली झाली होती. तुमच्या खुर्चीवर नवा मुलगा होता, वय पंचवीस-सव्वीस, टाय, मोबाइलवर ‘आजचे आकडे’ नावाचा ग्रुप उघडा, त्यात दर दहा मिनिटांनी कुणाचं तरी अभिनंदन. त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हळहळला. म्हणाला, “सर, त्या जुन्या प्रॉडक्टमध्ये तो इश्यू होताच. आता नवीन आलंय, बघा ना.” आणि ड्रॉवर उघडला. तीच छत्री, या वेळी निळी.

त्या पोरावर मला रागावता आलं नाही. मार्च जवळ येत होता. सकाळच्या मीटिंगमध्ये शिव्या खाऊन तो माझ्यासमोर हसत होता. तुम्हीही त्या दिवशी असेच हसत असाल. तुमच्यावर टार्गेट होतं, त्या टार्गेटवर तुमच्या वरच्या साहेबांचं टार्गेट, त्यावर त्यांच्या वरच्यांचं. पिरॅमिडच्या टोकाला बसलेल्या माणसाने आयुष्यात एकदाही ‘सर, फक्त येस म्हणायचं’ हे वाक्य उच्चारलेलं नसणार. तेवढ्यासाठी तो तुम्हाला पगार देतो. पण साहेब, सहानुभूतीची एक अडचण आहे. टार्गेट तुमचं होतं, ते एका तिमाहीत संपलं. हप्ता माझा आहे, तो २०४३ पर्यंत चालेल.

म्हणून माझ्या तीन मागण्या. फार नाहीत.

पहिली. विम्याचे दीड लाख माझ्या कर्जातून वजा करा आणि तीन वर्षांत त्यावर घेतलेलं व्याजही. पॉलिसी खुशाल रद्द करा, तिची आठवण येणार नाही.

दुसरी. पडताळणीच्या त्या फोनचं रेकॉर्डिंग द्या. मला माझाच आवाज ऐकायचाय. सात वेळा ‘येस’ म्हणणारा माणूस किती स्वेच्छेने बोलत होता, ते विमा लोकपालांपुढच्या सुनावणीत सगळ्यांनी ऐकावं.

तिसरी मागणी पैशाची नाही. यापुढे ज्या ग्राहकाकडून सही घ्याल, त्याला वगळलेल्या बाबींचं ते एकच पान मराठीत मोठ्याने वाचून दाखवा. पाच मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून पाहिलंय. त्यानंतरही त्याने सही केली, तर ती खरी स्वेच्छा. तुमचं टार्गेट बुडेल. पण तशी वेळच येऊ नये, असा माझाही आशीर्वाद आहे.

विमा लोकपालांकडे अर्ज गेलेला आहे, सुनावणीची तारीख यायची आहे. नोकरी मिळाली, पगार आधीच्यापेक्षा कमी आहे. मधले पाच हप्ते बायकोच्या पाटल्यांनी भरले. त्या पाटल्यांनी कधी छत्रीचं चित्र दाखवलं नव्हतं.

आता वकील मित्राचा लाल पेन थोडा वेळ बाजूला ठेवतो. साहेब, तुम्ही तो विमा माझ्या माथी मारलात. या वाक्यात ‘कदाचित’ नाही.

कळावे. पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असं लिहायची आपली पद्धत आहे. तुमच्या बाबतीत ती विनंती करायची गरज वाटत नाही.

आपला,
स्वेच्छेने झालेला एक ग्राहक

ता.क. हे पत्र खुलं असल्याने शेवटचा परिच्छेद साहेबांसाठी नाही, वाचकांसाठी आहे. तुमच्या गृहकर्जाचं स्टेटमेंट आज काढा आणि मंजूर रकमेपेक्षा कर्ज जास्त दिसतंय का ते बघा. दिसलं तर तो फरक बहुधा विम्याचा आहे. आधी विमा कंपनीकडे आणि बँकेकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’वर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. महिनाभरात कंपनीचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत मात्र जायला हवं. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांसाठी १४४४८. आणि ज्यांची सही अजून व्हायची आहे, त्यांनी समोरच्या काळजीवाहू साहेबांना एवढंच म्हणावं : “विम्याशिवाय कर्ज मिळणार नाही, हे बँकेच्या लेटरहेडवर लिहून द्या.” तोंडाने ते दिवसातून दहा वेळा सांगितलं जातं. कागदावर ते लिहून देता येत नाही.